नमपायच्या निमित्ताने डॉक्युमेंटेशनच्या आवराआवरीविषयी

जून २०२४ मध्ये नमपाय या पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील गणनेच्या लायब्ररीची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००६ साली १.० आल्यानंतर मुख्य आकडा बदलण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्या आवृत्तीत बदलांची बरीच मोठी यादी होती. परंतु त्यांतला एक बदल वरकरणी अगदीच किरकोळ होता. १, २ आणि ३ या संख्यांची सरासरी काढायला सांगितली, तर पायथनच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे ओळ लिहिली की लगेच उत्तर दाखवणाऱ्या जागी, पूर्वी नुसते २.० असे उत्तर उमटत असे. आता तेथे एनपी.फ्लोट६४(२.०) असे उमटू लागले; एनपी हे नमपायचे रूढ लघुनाम. गणित तेच होते, उत्तर तेच होते आणि प्रिंट या आज्ञेने छापले तर ते दिसतही पूर्वीसारखेच होते. नमपायची संख्या आणि पायथनची साधी संख्या एकसारख्या दिसत असल्या, तरी काही ठिकाणी त्यांची वागणूक वेगळी असते. तो फरक वापरणाऱ्याच्या नजरेस यावा, म्हणून प्रॉम्प्टवर संख्या आपला प्रकारही सांगू लागली, एवढेच.

ज्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापराविषयीच्या लेखी माहितीत, ‘ही ओळ लिहा, असे उत्तर येईल’ अशा धाटणीची उदाहरणे होती, त्यांच्यासाठी मात्र हे ‘एवढेच’ नव्हते. नमपायवर उभ्या असलेल्या लायब्रऱ्यांच्या मार्गदर्शिकांत, पाठांत आणि संदर्भपानांत अशी उदाहरणे जागोजागी होती आणि त्यांतली बरीचशी एका रात्रीत चुकीची ठरली. ती लिहिणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. वाक्य लिहिले तेव्हा ते खरे होते. खालचा कोड बदलला आणि वाक्य जागच्या जागी खोटे झाले. डॉक्युमेंटेशनची आवराआवर म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात येथूनच करावी लागते, कारण या कामात झाडलोट थोडी असते आणि पडताळणी फार असते.

लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून लिहिलेला तयार कोड. ओपन सोर्स लायब्ररीचा कोड सर्वांना खुला असतो आणि त्याच्या शेजारीच, त्याच रिपॉझिटरीत म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या कोठारात, तिचे डॉक्युमेंटेशनही राहते. दारातच रीडमी नावाची फाइल असते. लायब्ररी कशी बसवायची, हे सांगणारी एखादी फाइल असते. योगदान कसे द्यावे, परवाना कोणता आहे, प्रत्येक आवृत्तीत काय बदलले, हे सांगणाऱ्या फाइली वेगळ्या असतात. त्यापलीकडे डॉक नावाच्या फोल्डरमध्ये मार्गदर्शिका असते आणि सर्वांत मोठा साठा तर फाइलींत नसून कोडच्या पोटातच असतो. पायथनमध्ये प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला त्या फंक्शनविषयी मजकूर लिहिण्याची सोय आहे. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. स्फिंक्स नावाचे साधन हे सारे तुकडे गोळा करून त्यांची वेबपाने तयार करते. हे साधन गेओर्ग ब्रांडल यांनी मुळात पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनवले आणि २००८ सालच्या पायथन २.६ पासून पायथनचे डॉक्युमेंटेशन लाटेक ही मजकूर मांडण्याची जुनी पद्धत सोडून त्यावर आले. आज नमपायसह पायथन जगतातील असंख्य प्रकल्प तेच वापरतात.

पसारा का होतो, याचे उत्तर बहुधा आळसावर ढकलले जाते आणि ते अन्यायाचे आहे. कोड बिघडला की चाचणी अडते, प्रोग्रॅम कोसळतो, कोणीतरी तक्रार नोंदवते. वाक्य बिघडले तर काहीच होत नाही. ‘या लायब्ररीला पायथन ३.६ लागते’ हे वाक्य पायथन ३.६ सोडून दिल्यानंतरही वर्षानुवर्षे शांतपणे तसेच बसून राहू शकते, कारण त्या वाक्याला खोटे पाडणारी यंत्रणाच कोठे नसते. शिवाय हेच वाक्य तीन ठिकाणी असते: रीडमीमध्ये, मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर आणि बसवण्याच्या सूचनांत. कोणीतरी एका जागी दुरुस्त करते आणि मग तीन जागा तीन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात. असे असंख्य प्रकल्प ज्या संकेतस्थळावर राहतात त्या गिटहबने २०१७ साली घेतलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही अडचण अनुभवल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही, अशी कबुली दिली. दुखणे सर्वांना ठाऊक आहे आणि औषध देणारे थोडे आहेत.

नमपायने हे दुखणे लवकर ओळखले, असे म्हणता येईल. सुरुवातीच्या काळात तिचे सविस्तर वर्णन तिचे कर्ते ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या पुस्तकात होते आणि ते पुस्तक काही काळ विकत घ्यावे लागत असे. कित्येक फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंग मात्र त्रोटक होत्या. २००८ साली ‘डॉक्युमेंटेशन मॅरेथॉन’ या नावाने एक मोहीम निघाली. कोडला हात न लावता ज्याला त्याला संकेतस्थळावरून डॉकस्ट्रिंग सुधारता याव्यात, अशी व्यवस्था त्यासाठी करण्यात आली. लिहिणारे अनेक झाले की लिहिण्याच्या तऱ्हाही अनेक होतात, म्हणून एक साचा ठरवावा लागला: आधी एका ओळीत सारांश, मग विस्तार, मग फंक्शनला काय द्यायचे, ते काय परत करते, कोणती चूक उद्भवू शकते, मिळतीजुळती फंक्शने कोणती, टिपा आणि शेवटी उदाहरणे. हा साचा पुढे नमपायबाहेरही पसरला आणि सायपाय या शास्त्रीय गणनेच्या लायब्ररीसारख्या प्रकल्पांनीही तोच स्वीकारला. आवराआवरीच्या दृष्टीने या साच्याचा मोठा फायदा असा, की काय आहे यापेक्षा काय नाही, हे त्यात चटकन दिसते. परत येणाऱ्या मूल्याचा रकाना रिकामा असेल, तर तो वाचकाच्या आधी तपासणाऱ्याला खटकतो.

प्रत्यक्ष काम हाती घेताना पहिली पायरी मजकूर सुधारण्याची नसते, हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. पहिली पायरी म्हणजे डॉक्युमेंटेशन आपल्या संगणकावर जसे आहे तसे तयार करून पाहणे आणि स्फिंक्स ज्या वॉर्निंग देते त्या वाचणे. जुन्या प्रकल्पात त्या शेकड्यांनी असतात आणि इतक्या असतात म्हणूनच कोणी वाचत नाही. शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड आहे. अमुक फाइल कोणत्याच अनुक्रमणिकेत नाही. तमुक नावाकडे दुवा आहे पण ते नाव सापडत नाही. यांतली पहिली वॉर्निंग निरुपद्रवी आहे, दुसरी महत्त्वाची आहे, कारण अनुक्रमणिकेत नसलेले पान तयार होते, शोधयंत्रांना सापडते, परंतु प्रकल्पातल्या कोणाच्या नजरेस पडत नाही आणि म्हणून जुने होत जाते. तिसरी सर्वांत मोलाची आहे: एखादे फंक्शन काढून टाकले गेले असेल आणि त्याचा उल्लेख मागे राहिला असेल, तर तो येथे उघडा पडतो, अर्थात बारीकसारीक दुवेही तपासण्याची सक्ती स्फिंक्सला केलेली असेल तर. वॉर्निंग एकदा शून्यावर आणल्या, की स्फिंक्सला ‘यापुढे प्रत्येक वॉर्निंग ही चूकच समज’ असे सांगता येते. मग नवी घाण आत येताना दारातच अडते. माझ्या मते एवढे एकच काम केले आणि बाकी काहीही केले नाही, तरी प्रकल्पाचे निम्मे भले होते.

वॉर्निंग न देणाऱ्या चुका मात्र डोळ्यांनीच पकडाव्या लागतात. नमपायचे डॉक्युमेंटेशन बव्हंशी रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या लेखनपद्धतीत आहे आणि बहुतेक नव्या लोकांच्या हाताला मार्कडाउनची सवय असते. दोन्ही पद्धती दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या आहेत आणि तोच घोटाळा आहे. मार्कडाउनमध्ये एखादा शब्द कोड म्हणून दाखवायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक म्हणजे उलटे अवतरणचिन्ह देतात. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये त्यासाठी दोन-दोन लागतात; एकेरी चिन्हाचा अर्थ तेथे वेगळा आहे आणि नमपायमध्ये तर एकेरी चिन्हातले नाव खरोखर एखाद्या फंक्शनचे असेल, तर त्याला आपोआप दुवा मिळतो. एक चिन्ह कमी पडले तर पान तयार होते, तक्रार येत नाही, फक्त कोडच्या जागी तिरपा शब्द दिसतो. दुसरी अशीच गोष्ट म्हणजे यादीच्या आधीची रिकामी ओळ. परिच्छेद संपल्यावर ओळ न सोडता यादी सुरू केली, की यादीतल्या सर्व नोंदी त्या परिच्छेदातच वाहून जातात आणि वाचकाला मधूनच उगवलेल्या तारका दिसतात. फाइल उघडून पाहिली तर सारे नीट भासते. तयार झालेले पान पाहिले तरच समजते. म्हणून ‘मी फाइल वाचली’ आणि ‘मी पान वाचले’ यांत फरक करावा लागतो.

मेलेल्या दुव्यांचे प्रकरण वरवर सोपे असते. स्फिंक्सला बाहेरच्या सर्व दुव्यांची फेरी मारायला सांगता येते आणि कोणता दुवा उघडत नाही, कोणता दुसरीकडे नेतो, याची यादी मिळते. पण उघडणारा दुवा जिवंतच असतो असे नाही. एखाद्या जुन्या संकेतस्थळाचे नाव दुसऱ्याने विकत घेतलेले असते आणि आता तेथे भलतेच काही विकले जात असते. यंत्राच्या लेखी तो दुवा ठणठणीत असतो. याच्या उलट बाजूकडे लक्ष फार थोड्यांचे जाते, ती म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारे दुवे. नमपायचे डॉक्युमेंटेशन पूर्वी सायपायच्या संकेतस्थळावर होते आणि नंतर ते नमपायच्या स्वतःच्या जागी आले. जुन्या पत्त्यावर गेलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर पोचवण्याची सोय केली नसती, तर जगभरातली पाठ्यटिपणे, शोधनिबंधांच्या तळटीपा आणि प्रश्नोत्तरांतली उत्तरे एका झटक्यात निराधार झाली असती. हा धडा मला फुकट मिळाला नाही. एका लहानशा लायब्ररीत मी उत्साहाच्या भरात फाइलींची नावे ‘व्यवस्थित’ केली, सर्व अंतर्गत दुवे दुरुस्त केले, वॉर्निंग शून्यावर आणल्या आणि समाधानाने झोपलो. काही आठवड्यांनी एका विद्यार्थ्याची ईमेल आली: त्याच्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकवहीत छापलेला पत्ता आता उघडत नव्हता. वही छापील होती. ती दुरुस्त करणे कोणाच्याच हातात नव्हते. मला निमूटपणे जुन्या नावांची पाने परत तयार करून त्यांवरून नव्या पानांकडे वाट काढून द्यावी लागली.

आता रचनेकडे वळू, कारण खरी डोकेदुखी तेथे आहे. डॉक्युमेंटेशन वाढत जाते तसे त्यातली पाने वेगवेगळ्या कामांची भेसळ करू लागतात. डॅनिएले प्रोसिडा यांनी मांडलेली एक विभागणी या बाबतीत बरीच मान्य झाली आहे. वाचक चार कारणांनी येतो, असे ते म्हणतात: हात धरून शिकवावे म्हणून, हाती घेतलेले एखादे काम पार पाडावे म्हणून, नेमकी माहिती तपासावी म्हणून, किंवा एखादी गोष्ट तशी का आहे हे समजावे म्हणून, आणि या चार गरजांसाठी चार वेगळ्या प्रकारची पाने हवीत. नमपायने २०२० साली सुधारणा प्रस्ताव क्रमांक ४४ स्वीकारून आपले डॉक्युमेंटेशन याच विभागणीच्या दिशेने नव्याने लावायचे ठरवले.

ही विभागणी ऐकायला पुस्तकी वाटते, म्हणून ती एका उदाहरणावर घासून पाहू. नमपायमध्ये संख्यांची मालिका तयार करण्याची दोन फंक्शने आहेत, अरेंज आणि लिनस्पेस. अरेंजला सुरुवात, शेवट आणि पायरी सांगायची. लिनस्पेसला सुरुवात, शेवट आणि एकूण किती संख्या हव्यात, ते सांगायचे. संदर्भपानावर यायला हवे ते असे: लिनस्पेसला संख्या किती हे सांगितले नाही तर ती ५० धरते, आणि शेवटची संख्या मालिकेत धरली जाते, अरेंज मात्र शेवटच्या संख्येच्या आधी थांबते. येथे गप्पा नकोत, कौतुक नको, जो घाईत आहे त्याला ५० हा आकडा तीन सेकंदांत सापडला पाहिजे. शिकवणाऱ्या पाठात याच्या उलट. तेथे ५० चा उल्लेखही नको. शून्यापासून दहापर्यंतच्या काही संख्या घ्या, त्यांचे वर्ग करा, आलेख काढा आणि वक्र डोळ्यांसमोर येऊ द्या, एवढेच. ‘कसे करावे’ या प्रकारच्या पानावर प्रश्न नेमका असतो: माझ्याकडे समान अंतराची मापे आहेत, त्यांच्यासाठी अक्ष कसा तयार करू?

आणि चौथा प्रकार. अरेंजला १ पासून १.३ पर्यंत ०.१ च्या पायरीने संख्या मागितल्या, तर नियमाप्रमाणे १, १.१ आणि १.२ या तीनच मिळायला हव्यात, कारण शेवट वगळायचा असतो. प्रत्यक्षात चार मिळतात आणि चौथी १.३ असते. कारण असे, की ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही; १.३ मधून १ वजा केल्यावर जे उरते ते ०.३ पेक्षा केसभर जास्त असते, त्याला ०.१ ने भागले की ३ पेक्षा केसभर मोठी संख्या येते आणि किती संख्या लागतील हे ठरवताना ती वरच्या पूर्णांकाकडे, म्हणजे ४ कडे, नेली जाते. हा खुलासा संदर्भपानात घुसडला तर ५० शोधायला आलेला माणूस त्यात अडकतो. शिकवणाऱ्या पाठात घातला तर पहिल्याच दिवशी नवशिक्याचे डोके भणभणते. आणि कोठेच दिला नाही तर एखाद्या संशोधकाच्या आलेखात एक बिंदू जास्त का येतो, याचा शोध घेण्यात त्याची दुपार जाते. नमपायने काय केले आहे, तर अरेंजच्या संदर्भपानावर पायरी पूर्णांक नसेल तेव्हा लिनस्पेस वापरणे बहुधा बरे, अशी सूचना दिली आहे आणि सविस्तर चर्चेला वेगळी जागा ठेवली आहे. चांगली आवराआवर अशी असते: काहीही फेकले नाही, पण प्रत्येक वस्तू जिच्या तिच्या फडताळात गेली.

उदाहरणांच्या खरेपणाचा प्रश्न पायथनने पूर्वीच बऱ्यापैकी सोडवला आहे. टिम पीटर्स यांचे डॉकटेस्ट हे साधन २००१ साली पायथन २.१ बरोबर आले. ते मजकुरातली प्रॉम्प्टची तीन चिन्हे शोधते, त्यापुढची ओळ खरोखर चालवते आणि आलेले उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः जुळवून पाहते. जुळले नाही तर चाचणी नापास. वर म्हटले, की वाक्याला खोटे पाडणारी यंत्रणा नसते. उदाहरणापुरती ती येथे आहे. अडचण ‘अक्षरशः’ या शब्दात आहे. दशांश संख्येचा शेवटचा अंक एका संगणकावर वेगळा आला, उत्तरात स्मृतीचा पत्ता छापला गेला, यादृच्छिक संख्या वापरली, की बरोबर उदाहरणही नापास होते. नमपाय २.० च्या वेळी नेमके हेच घडले. २.० आणि एनपी.फ्लोट६४(२.०) ही उत्तरे माणसाला एकच वाटतात, डॉकटेस्टला नाही. ज्या प्रकल्पांना जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांवर चालायचे होते, त्यांच्यापुढे तर पेच होता: उत्तर जुने लिहावे तर नव्यावर नापास, नवे लिहावे तर जुन्यावर. नमपायने छपाईची जुनी, १.२५ ची पद्धत परत चालू करण्याची सोय ठेवली होती, तिचा अनेकांनी तात्पुरता आधार घेतला. तरीही मला वाटते, की या नापास चाचण्यांनी उपकारच केले. ज्यांच्याकडे डॉकटेस्ट होते त्यांना आपली कोणती पाने खोटी झाली हे त्याच दिवशी कळले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ते वाचकांकडून कळत राहिले.

आवरताना काय आवरू नये, हेही ठरवावे लागते. नमपायमध्ये पूर्वी एनपी.इंट आणि एनपी.फ्लोट अशी नावे होती. ती नमपायचे खास प्रकार आहेत असे लोकांना वाटे, प्रत्यक्षात ती पायथनच्या साध्या प्रकारांची दुसरी नावे होती. या गैरसमजामुळे २०२१ साली आवृत्ती १.२० मध्ये त्यांच्या वापराविरुद्ध इशारा सुरू झाला आणि २०२२ च्या अखेरीस आवृत्ती १.२४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. आता एखादा उत्साही माणूस साऱ्या फाइलींत ‘शोधा आणि बदला’ चालवून एनपी.इंटचे नामोनिशाण मिटवायला निघाला, तर मार्गदर्शिकेत तो योग्य आहे, परंतु जुन्या आवृत्त्यांच्या बदलनोंदींत तो इतिहासच पुसतो. २०१० च्या नोंदीत त्या काळचे नाव असणे ही चूक नाही, ते खरे वर्णन आहे. बदलनोंदी आणि मार्गदर्शिका एकाच फोल्डरमध्ये राहतात म्हणून त्यांना एकच नियम लागतो, असे नाही. ‘हा पर्याय आवृत्ती १.९ पासून उपलब्ध’ यासारख्या टिपांचे वय मात्र होते. लिनस्पेसच्या एका पर्यायाला अशी टीप होती; १.९ ही २०१४ सालची आवृत्ती, आणि तिच्याहून जुनी आवृत्ती वापरणारा आज व्यवहारात कोणी उरला नाही. अशी टीप खरी असूनही वाचकाच्या वाटेत पडलेला दगड ठरते आणि ती उचलण्यात काही पाप नाही.

बदल कोणता करावा, इतकेच महत्त्व तो कसा पाठवावा यालाही असते. ओपन सोर्स प्रकल्पात आपला बदल कोणीतरी दुसरे, बहुधा विनामोबदला काम करणारे माणूस तपासते. परिच्छेदातला एक शब्द बदलून सर्व ओळी पुन्हा ऐंशी अक्षरांत बसवल्या, तर तपासणाऱ्याला बारा ओळी बदललेल्या दिसतात आणि तो एक शब्द त्यांत शोधावा लागतो. म्हणून काही प्रकल्प एका ओळीत एकच वाक्य लिहिण्याचा नियम ठेवतात. तयार पानावर त्याने काही फरक पडत नाही, पण बदल नेमका दिसतो. ओळींच्या शेवटची मोकळी जागा काढणे, विंडोजच्या आणि लिनक्सच्या ओळसमाप्तीच्या चिन्हांत एकवाक्यता आणणे ही कामे करावीत, परंतु मजकुराच्या बदलापासून वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या वेगळ्या नोंदीत. कारण नंतर कोणी ‘ही ओळ कोणी आणि का लिहिली’ असे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला विचारले, तर गिट शेवटच्या झाडूवाल्याचे नाव सांगते, मूळ लेखकाचे नाही. २०१९ साली आलेल्या गिट २.२३ पासून अशा झाडलोटीच्या कमिटची यादी देऊन ‘यांना वगळ’ असे सांगण्याची सोय झाली. पण ती यादी तेव्हाच करता येते, जेव्हा झाडलोट स्वतंत्र कमिटमध्ये असते.

या निमित्ताने एका नकोशा प्रकाराचाही उल्लेख करायला हवा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल स्वीकारा’ अशा विनंत्या, पाठवणाऱ्यास टीशर्ट मिळणार होता, आणि त्यासाठी जगभरच्या प्रकल्पांच्या रीडमीमध्ये एखादे विशेषण वाढवणाऱ्या, एखादा शब्द उगाच बदलणाऱ्या विनंत्यांचा असा पूर आला, की प्रकल्पांनी आधी होकार दिला तरच त्यांना उपक्रमात धरावे, असा नियम आयोजकांना महिना सुरू होऊन चार दिवस होण्याच्या आत करावा लागला. शुद्धलेखनाची दुरुस्ती क्षुल्लक नसते. चुकीचा शब्द बरोबर करणारी एका अक्षराची विनंतीही स्वागतार्ह असते. बरोबर शब्दाच्या जागी दुसरा बरोबर शब्द घालणे ही मात्र आवराआवर नव्हे, ती दुसऱ्याच्या घरात जाऊन भांडी हलवणे झाले.

आपल्याकडच्या वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट वेगळी नोंदवतो. या लायब्रऱ्यांचे मूळ डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असते आणि सांगली किंवा नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी ते दुसऱ्या भाषेत वाचतो. ‘हे तर अगदी सोपे आहे’, ‘फक्त एवढेच करा’ असे शब्द मूळ लेखकाने धीर देण्यासाठी घातलेले असतात. ज्याला ते जमत नाही त्याला मात्र त्यांतून आपण कमी आहोत, असे ऐकू येते. असे शब्द काढणे, इंग्रजी वाक्प्रचारांच्या जागी सरळ वाक्य लिहिणे, लांबलचक वाक्य तोडणे, हे काम ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही तोच अधिक चांगले करू शकतो, कारण आपण कोठे अडखळलो हे त्याला आठवत असते. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथनसह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह भारतीय भाषांत आणले आहेत आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. पण चित्रफितीची एक मर्यादा असते, की पडद्यावर दिसलेले उत्तर बदलले तर ते पुन्हा चित्रित करावे लागते. मजकुराची फाइल मात्र पाच मिनिटांत दुरुस्त होते.

नमपायमध्ये अशी दुरुस्ती पाठवताना कमिटच्या संदेशाची सुरुवात एका ठरलेल्या संक्षेपाने करतात: डॉक्युमेंटेशनच्या बदलासाठी डीओसी, नुसत्या मोकळ्या जागा आणि मांडणीच्या बदलासाठी एसटीवाय. वर सांगितलेला भेद प्रकल्पाने असा नावातच बांधून टाकला आहे. तपासणारा एखादा प्रश्न विचारतो, कधी शब्द सुचवतो, कधी ‘हे उदाहरण तुम्ही चालवून पाहिले का’ असे विचारतो, आणि बदल स्वीकारला जातो. त्यानंतर पहिल्यांदाच योगदान देणारा माणूस उत्सुकतेने नमपायचे नेहमीचे पान उघडतो, तर तेथे जुनाच मजकूर असतो. तो गोंधळतो. नेहमीचे पान शेवटच्या प्रसिद्ध आवृत्तीचे असते. त्याची दुरुस्ती विकासाधीन आवृत्तीच्या पानांवर आलेली असते आणि पुढची आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंत ती तेथेच वाचायची असते.